किनाऱ्यालगतच्या बागेत करवंदाची जाळी: बी रुजवण्यापासून कुंपण उभं राहीपर्यंत

कोकण किनाऱ्यावर वर्षाला सरासरी २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही तिथल्या बागेला दुष्काळ सोसणारी झाडं लागतात. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढच्या मिरगापर्यंतचे आठ महिने कोरडेच. जांभ्या दगडाची जमीन पाणी फार काळ धरत नाही, पुळणीतली, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रेताड पट्ट्यातली वाळू तर मुळीच नाही. दुपारचा खारा वारा पानांवर मीठ आणून टाकतो आणि एप्रिल-मेमध्ये खाडीलगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ, म्हणजे खारट होतं. अशा ठिकाणी ड्युरांटा किंवा अकॅलिफाचं कुंपण केलं, की दर उन्हाळ्यात ते जगवण्यासाठी पंप चालवत बसावं लागतं.

करवंदाला या हवामानातलं काहीच नवीन नाही. कोकणातल्या सड्यांवर (कातळाच्या सपाट माळांवर), वरकस म्हणजे हलक्या जमिनीत, गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या बांधांच्या) कडेनं आणि समुद्राच्या अंगावर आलेल्या कड्यांवरही करवंदाच्या जाळ्या आपोआप वाढतात. झुडूप बारमाही हिरवं. पानं जाड, चामड्यासारखी, वरून तकतकीत, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं आणि मिठाचा मारा बराचसा वरच्यावर राहतो. काटे इतके दाट, की वाढलेल्या कुंपणातून गुरं शिरत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या, जाईच्या वासाच्या फुलांनी जाळी भरते आणि मे महिन्यात काळी करवंदं पिकतात. एवढं सगळं पाण्याशिवाय देणारं दुसरं झुडूप किनाऱ्यालगत शोधून सापडायचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरीही बागेत लावलेली करवंदं मरतात, आणि लोक म्हणतात, ‘डोंगरात वाढतं, आमच्याकडे मात्र लागत नाही.’ करवंदाचा काटकपणा त्याच्या मुळात असतो. सोटमूळ जांभ्याच्या फटीतून खाली, ओल टिकून असलेल्या थरापर्यंत गेलं, की वरच्या उन्हाशी त्याला फारसं देणंघेणं उरत नाही. हे मूळ पहिल्या दोन वर्षांतच एक तर घडतं नाहीतर बिघडतं. वळलेल्या मुळाचं रोप, पाणी तुंबणारा खड्डा किंवा रोजचं थोडं थोडं पाणी, यांपैकी एकानंही ते बिघडू शकतं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर आधी मुळाचा विचार केला आहे.

नेमकं कोणतं करवंद?

रोपवाटिकेत ‘करवंद’ म्हणून तीन वेगळी झाडं मिळू शकतात. पहिलं आपलं रानटी करवंद: फळं लहान, पिकल्यावर काळीभोर. दुसरं लागवडीचं मोठ्या फळाचं करवंद. यातल्या काही प्रकारांची कच्ची फळं पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेली असतात आणि ती प्रामुख्याने लोणच्यासाठी विकली जातात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात कोकणासाठीच निवडलेली आहे. तिसरं दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ प्लम. त्याची फुलं चांगली मोठी, फळं लालभडक आणि काटे ठळकपणे दुबेळके असतात. हे झाडही खारा वारा उत्तम सोसतं, पण ते इथलं नाही. स्थानिक झाड हवं असेल तर काटा, फूल आणि शक्य असल्यास फळ बघून खात्री करून घ्या.

कुंपणासाठी आणि समुद्राच्या बाजूच्या आडोशासाठी मी नेहमी रानटी करवंदाचं बियापासून केलेलं रोप सुचवतो. मोठ्या फळाचं कलम घराच्या आतल्या बाजूला, जिथे थोडं पाणी देणं जमेल तिथे लावावं.

डोंगरातून वाढलेलं झुडूप खणून आणायच्या फंदात मात्र पडू नका. पहार कितीही जपून चालवली तरी सोटमूळ कुठेतरी तुटतंच. चार-पाच वर्षांची जाळी उपटून आणली की बहुतेक वेळा ती वाळते, आणि डोंगरावरचीही जाते.

जागा: समुद्रापासून किती आत?

वाळूच्या टेकाडावर, भरतीच्या रेषेमागे लगेच, करवंद लावू नये. ती जागा मर्यादवेलीची आहे. तिच्या मुळाखोडांनी वाळू धरून ठेवलेली असते, तिला हात लावू नये. तिच्या मागे केवडा आणि उंडीसारखी झाडं थेट उडणारे तुषार झेलतात. करवंद त्यांच्या मागे बसतं. तुमच्या जागेत पुढे असा काही आडोसा नसेल आणि लाटांचे तुषार थेट कुंपणाच्या ओळीवर पडत असतील, तर तिथे करवंद जगेल, पण समुद्राकडची बाजू दर वर्षी करपेल. कड्यावर, उंचावर, जिथे वारा येतो पण तुषार पोचत नाहीत, तिथे मात्र ते बिनघोर वाढतं.

खाजण जमिनीत, म्हणजे जिथे भरतीचं पाणी येतं किंवा पूर्वी येत होतं, तिथे लावू नका. पानावरचं मीठ सोसणं आणि मुळाशी खारं पाणी साचणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

ऊन भरपूर हवं. नारळ-पोफळीच्या दाट सावलीत झुडूप जगतं, पण लांबट, विरळ होतं आणि फुलत नाही. पायवाट, मुलांची खेळायची जागा किंवा गाडी वळवायची जागा यांपासून निदान दीड मीटर आत लावा. काटे लाकडासारखे कडक असतात, डोळ्याच्या उंचीवर आलेली फांदी धोक्याची ठरते.

निचऱ्याची परीक्षा

ही पायरी गाळू नका. पावसाळ्यात जोरदार सर येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ओळीच्या जागेवरून एक फेरी मारा आणि जिथे पाणी उभं आहे तिथे खुंटी ठोका. पावसाळ्याआधी बघायचं असेल तर हातभर खोल खड्डा घेऊन तो काठोकाठ भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात दिसलं, तर ती जागा आहे तशी चालणार नाही.

जांभ्यात यामागे खास कारण असतं. उघड्यावर आलेला जांभा हवेनं कडक होत जातो, आणि त्याच्या कवचाखाली बऱ्याचदा मऊ, चिकणमातीचा थर असतो. कवचात पहारीनं चौकोनी खड्डा कोरला की ती एक टाकीच तयार होते. जुलैत ती भरून वाहते आणि आतलं मूळ कुजतं. लोकांना वाटतं रोप मे महिन्याच्या उन्हानं गेलं. प्रत्यक्षात त्याचं मूळ आदल्या पावसातच गेलेलं असतं, उन्हाळ्यात फक्त ते उघडकीला येतं.

यावर दोन उपाय आहेत. उतार असेल तर खड्ड्याच्या खालच्या अंगाला वीतभर रुंद चर काढून पाणी बाहेर पडायला वाट द्या, आणि खड्ड्याच्या तळाशी पहारीनं दोन-तीन ठिकाणी खोल ठोसे मारून कातळाला तडे पाडा. या तड्यांतूनच पुढे मूळ उतरतं, म्हणून हे काम दुप्पट फायद्याचं. जागा सपाट असेल तर खड्डा घेऊच नका. कातळ पहारीनं फोडून घ्या आणि त्यावर माती व चिऱ्याचे तुकडे मिसळून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद वरंबा घाला. वरंब्याच्या कडेला चिरे लावले तर पहिल्या पावसात तो वाहून जात नाही. जुन्या गडग्याच्या पायथ्याशी पडलेल्या मातीतही करवंद फार छान लागतं. गडगा असेल तर ओळ त्याच्या कडेनंच घ्या.

रोप: बियापासूनच करा

करवंद पिकतं मे महिन्यात आणि त्याचं बी लगेच येणाऱ्या पावसात रुजायला तयार असतं. त्याची रुजवण क्षमता फार दिवस टिकत नाही. पुडीत बांधून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पदरात काहीच पडत नाही. म्हणून फळं मिळाली की पेरणी त्याच आठवड्यात.

झाडावर पूर्ण काळी झालेली, हात लावताच देठापासून सुटणारी फळं घ्या. लाल राहिलेली नकोत. फळ दोन बोटांत दाबलं की गर आणि चपट्या, पातळ बिया बाहेर येतात, त्यांना चीकही लागलेला असतो. नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही. बियांवर चिमूटभर चुलीतली राख टाकून हातावर चोळा आणि मग दोन-तीन पाण्यांतून धुवा. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया टाकून द्या. उरलेल्या सावलीत कागदावर पसरून एक दिवस सुकवा, उन्हात ठेवू नका.

पिशवी लहान घेतली तर पुढचं सगळं बिघडतं. नेहमीच्या वीतभराच्या पिशवीत सोटमूळ दोन-तीन महिन्यांत तळाला टेकतं आणि गोल फिरू लागतं. २५ ते ३० सेंटिमीटर उंच, अरुंद पिशवी घ्या आणि तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना छिद्रं ठेवा. दोन भाग माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग नीट कुजलेलं शेणखत पुरे. प्रत्येक पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. पावसाच्या थेट माऱ्यापासून वर झावळीचा विरळ आडोसा करा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. दोन्ही उगवले तर अशक्त रोप उपटू नका, मुळं गुंतलेली असतात. कात्रीनं मातीलगत कापा.

लांब कुंपण करायचं असेल आणि घाई नसेल, तर मी पिशवीही टाळायला सांगेन. मिरगाच्या आसपास पाऊस धरला की तयार केलेल्या वरंब्यावरच दर हातभर अंतरावर तीन-तीन बिया टोचा आणि वर पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांचा पातळ थर द्या. असं जागच्या जागी उगवलेलं मूळ एकदाही न दुखावता खाली जातं. सुरुवातीला ही रोपं पिशवीतल्या रोपांपेक्षा केविलवाणी दिसतात, पण पहिला उन्हाळा ओलांडल्यावर बहुधा तीच पुढे निघतात. गोगलगायींवर मात्र लक्ष ठेवा. त्या एका रात्रीत कोवळे कोंब खाऊन टाकतात, म्हणून संध्याकाळी फेरी मारून वेचून काढाव्या लागतात.

फांदीची छाटं करवंदात सहजासहजी मुळं धरत नाहीत. मोठ्या फळाचं झाड जसंच्या तसं हवं असेल तर जून-जुलैमध्ये गुटी बांधा. पेन्सिलीएवढी जाड, एक वर्षाची फांदी निवडा आणि अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल सोलून काढा. चीक गळायचा थांबला की फडक्यानं पुसा, वरच्या कडेला मुळं फुटण्याचं संजीवक लावा. मग ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस गुंडाळून प्लॅस्टिकनं दोन्ही बाजूंनी बांधा. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापा. चीक डोळ्यात गेला तर झोंबतो, हे काम हातमोजे घालूनच करा. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं. फळ लवकर मिळतं, पण दुष्काळ सोसायची ताकद बियाच्या रोपाएवढी येत नाही. समुद्राकडच्या ओळीत गुटीची रोपं लावू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठीच.

विकत रोप घेताना पिशवीचा तळ दाबून बघा. तळाशी मुळांचं कडक वेटोळं हाताला लागलं तर रोप कितीही हिरवंगार असलं तरी घेऊ नका. दीड मीटर उंच, दोन-तीन वर्षं पिशवीत काढलेल्या रोपापेक्षा वीत-दीड वीत उंचीचं, त्याच हंगामातलं किंवा जास्तीत जास्त एक वर्षाचं रोप केव्हाही चांगलं.

लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्येच घेऊन ठेवा आणि उन्हात तापू द्या. मऊ जमिनीत ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल पुरे. कातळात ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत गेलं तर बरं. कुंपणासाठी दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर. दाट हवं तर दोन ओळी, ओळींत ७५ सेंटिमीटर, आणि रोपं एकमेकांसमोर न ठेवता तिरपी. फळांसाठी सुटं झाड हवं असेल तर चारी बाजूंनी अडीच ते तीन मीटर मोकळे ठेवा.

उन्हाळाभर मातीत साचलेलं मीठ पहिल्या काही जोरदार सरींनी धुऊन जाऊ द्या. त्यानंतर, साधारण जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या सुरुवातीला, पाऊस थोडा उघडला की लावा. असं केलं की कोरडे दिवस सुरू होण्याआधी मुळांना तीन-साडेतीन महिने मिळतात. नवरात्रात लावलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्याला अर्धवट मुळानं सामोरं जातं.

खड्डा भरताना शेणखताचा हात आखडता ठेवा. निघालेल्या मातीत अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत मिसळलं की झालं. खड्डा नुसत्या खतानं आणि विकतच्या लाल मातीनं भरला तर मूळ त्या मऊ मातीतच घुटमळतं, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाही. पुळणीत मात्र उलट करा: दोन घमेली शेणखत आणि एक घमेलं चिकणमाती वाळूत मिसळा, नाहीतर पाणी थेट खाली निघून जाईल.

पिशवी ब्लेडनं उभी चिरून काढा, रोप ओढून काढू नका. तळाशी मुळाचं वेटोळं असेल तर वळलेला भाग धारदार कात्रीनं कापून टाका. मन धजत नाही, पण वळलेलं मूळ जमिनीत सरळ होत नाही, ते तसंच जाड होत राहतं आणि पाच-सहा वर्षांनी वादळात झाड मुळापासून कलतं. कापलेल्या जागेतून नवी मुळं खाली फुटतात. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर बसवा. सपाट जागेत दोन बोटं उंच ठेवलं तरी चालेल, पण खोडाभोवती खळगा राहता कामा नये. माती पायानं हलकेच दाबा.

रोपाला उंच काठी बांधू नका. वाऱ्यानं थोडं हललेलं खोड जाड होतं आणि मुळं रुंद पसरतात. समुद्राकडून झापाचा आडोसा मात्र पहिल्या वर्षी जरूर करा. झाप विरळ असू द्या. अगदी बंद भिंतीला वारा अडला की तो वरून उसळून मागे भोवरे करतो. अर्धा वारा गाळून सोडणारा आडोसा जास्त काम करतो. तुमचं करवंदाचं कुंपणही पुढे हेच करणार आहे. अशा गाळणाऱ्या कुंपणामागे त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो. म्हणजे दोन मीटर उंच करवंदामागे वीस मीटर भाजीपाला आणि फुलझाडं सुखात राहतात.

पहिली दोन वर्षं पाणी कसं द्यायचं

रोज तांब्याभर पाणी घातलं की वरची दोन-चार बोटं माती ओली राहते आणि मुळं तिथेच वर जाळं करतात. मग चार दिवस घराला कुलूप लागलं की रोप वाळतं. पाणी क्वचित द्या, पण भरपूर द्या.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की रोपाभोवती अर्धा मीटर व्यासाचं आळं करा. पहिल्या हिवाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा आठ ते दहा लिटर, सावकाश जिरेल असं. फेब्रुवारी ते मे तेवढ्याच अंतरानं बारा-पंधरा लिटर. पुळणीत पाणी टिकत नाही, म्हणून तिथे मात्रा निम्मी करून पाचव्या दिवशी द्या. पाणी द्यायच्या आधी आळ्याच्या कडेला खुरप्यानं वीतभर उकरून बघा. तळाची माती बोटाला गार लागली, मुठीत दाबून जराशी एकत्र राहिली, तर त्या दिवशी पाणी नको. दुसऱ्या वर्षी अंतर पंधरा ते वीस दिवसांवर न्या. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद. मोठ्या फळाच्या कलमाला फळ धरल्यावर दोन-तीन पाणी दिलं तर फळ फुगतं, रानटी जाळीला तेही लागत नाही.

लांबवरून पाणी आणावं लागत असेल तर दोन रोपांच्या मधे भाजलेलं पण बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा. पाझरून जाणारं पाणी मुळांकडे जातं, उडून जात नाही.

विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होत असेल तर लहान रोपांना ते देऊ नका. जिभेला खारट लागतं आणि साबणाला फेस येत नाही, एवढी खूण पुरेशी आहे. त्या दिवसांपुरतं गोडं पाणी साठवून ठेवा. दुसरा मार्ग नसेलच, तर मचूळ पाणी थोडं थोडं अजिबात नको: एकदाच भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जाईल. आळ्यात पांढरी खपली दिसू लागली तर ती खरवडून बाहेर टाका.

आळ्यात पातेरा चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर दूर. आंब्या-काजूचा, फणसाचा, जो मिळेल तो. परसात गोळा करून जाळण्याऐवजी तो इथे कुजू द्या. जांभ्याच्या माळावर वाळवी असेल तर आच्छादन महिन्यातून एकदा उचलून बघा आणि खोडावर मातीचे बोगदे दिसले तर लगेच मोडा.

रासायनिक खत मी देत नाही. युरिया दिला की लुसलुशीत फूट येते, तीच खाऱ्या वाऱ्यानं आधी करपते आणि तिच्यावरच कीड बसते. दर जूनमध्ये प्रत्येक रोपाला एक घमेलं शेणखत एवढंच.

छाटणी

करवंदाचा मोहर फांद्यांच्या शेंड्यांना येतो. डिसेंबर-जानेवारीत कुंपण ‘नीट’ कापून घेतलं की त्या वर्षीची फुलंही गेली आणि करवंदंही. छाटणीची वेळ एकच: फळं संपल्यावर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. मग पावसात येणारी फूट पक्व होते आणि पुढच्या फेब्रुवारीत तिच्यावर फुलं येतात.

कुंपण बुडापासून दाट हवं तर पहिल्या वर्षाअखेर, रोप गुडघाभर झालं की, ते ३० सेंटिमीटरवर कापा. कापल्यावर खालून चार-पाच फांद्या फुटतात. दुसऱ्या वर्षी त्या पुन्हा निम्म्यावर कापा. यानंतर कुंपणाचा आकार नेहमी खाली रुंद आणि वर निमुळता ठेवा. वर रुंद झालं की बुडाला ऊन मिळत नाही, खालची पानं झडतात आणि कोंबड्या-कुत्र्यांना ये-जा करायला वाटा होतात.

आकड्यानं फांदी ओढून कोयत्यानं तोडायची पद्धत सोपी, पण त्यात साल फाटते. जाड फांदीला करवत वापरा. कापलेल्या काटेरी फांद्या फेकू नका. नव्या रोपांभोवती रचल्या तर पहिल्या वर्षी शेळ्या-गुरांपासून तेच उत्तम संरक्षण.

पान काय सांगतं

पानाची फक्त कडा आणि टोक तपकिरी, कुरकुरीत झालंय, आणि तेही झुडपाच्या समुद्राकडच्या बाजूलाच, तर ते मीठ आहे. सकाळी गोड्या पाण्याचा फवारा मारून पानं धुवा. दुपारी नको. पानं पिवळी पडून गळताहेत आणि माती मात्र ओलीच आहे, तर मुळाशी पाणी तुंबलंय. कडेला खणून एखादं मूळ बघा, काळं, पिचपिचीत असेल तर आधी चर काढा, बाकी सगळं नंतर. पानांची चकाकी गेली, शेंडे मान टाकू लागले आणि माती हातभर कोरडी, तर ती खरी तहान.

पुळणीत आणखी एक प्रकार दिसतो. कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्या. शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या वाळूत चुना जास्त असतो आणि अशा जमिनीत झाडाला लोह घेता येत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी तात्पुरती उपयोगी पडते. दोन-तीन वर्षं सतत पातेरा आणि कंपोस्ट घातलं की सुधारणा टिकते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दाट, कोंदट वाढीत बसतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. आतल्या काही फांद्या काढून वारा खेळता करा, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून संध्याकाळी फवारा. फुलं असताना फवारणी बंद, कारण त्या दिवसांत मधमाश्या आणि पतंग जाळीवर असतात. पानं खाणाऱ्या मोठ्या अळ्या दिसल्या तर हातानं वेचा. वाढलेल्या जाळीला त्यांनी पानं खाल्ल्याचं फारसं काही वाटत नाही, आठवड्याभरात फूट येते.

वादळानंतर

३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अशा वादळानंतर समुद्राकडची झाडं दोन-चार दिवसांत भाजल्यासारखी तपकिरी होतात आणि लोक ती मेली समजून तोडतात. करवंदाला कोयता लावायची घाई करू नका. शक्य तितक्या लवकर गोड्या पाण्यानं पानं आणि आळी धुवा. पाऊस सुरू असेल तर तो हे काम करतोच. मोडलेल्या फांद्या तेवढ्या काढा. मग महिनाभर थांबा. नखानं साल जराशी खरवडली की खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. नवे डोळे फुटल्यावर, फूट जिथून आली त्याच्या वर कापा. कललेलं लहान रोप ओली माती असतानाच सरळ करून मुळावर माती चढवा. मोठी कललेली जाळी मात्र सरळ करायला जाऊ नका, उरलेली मुळं तुटतात. ती तशीच राहू द्या आणि वरचा भार एक तृतीयांश कमी करा.

जुनं, बुडाशी उघडं पडलेलं कुंपण

आठ-दहा वर्षं हात न लावलेली करवंदाची ओळ वर माजते आणि खाली नुसती खोडं उरतात. ती उपटून नवी लावायची गरज नसते, कारण करवंद बुंध्यातून जोमानं फुटतं. मेअखेरीस ओळीतलं दर तिसरं झुडूप जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर कापा, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचं, तिसऱ्या वर्षी उरलेलं. तिन्ही वर्षं आडोसा कायम राहतो आणि फळंही मिळत राहतात. कापलेल्या बुंध्याभोवती शेणखत आणि पातेरा घाला. जुलैअखेर आलेल्या दहा-बारा कोंबांतले बाहेरच्या दिशेला झुकलेले पाच-सहा ठेवून बाकीचे मुळाशी मोडून टाका. ओळीत जिथे झुडूपच उरलेलं नाही, तिथे त्याच पावसात नव्या बिया टोचा. जुन्या जाळीच्या सावलीत रोप आणून लावण्यापेक्षा बीच बरं, कारण शेजारच्या मुळांच्या गर्दीतून वाट काढणं त्याला जास्त जमतं.